शेवटचं पान

परवा दुपारी जेवण जरा जास्तच झालं, म्हणून आडवी पडल्या पडल्या 'क्लू' लावला, १९८५ चा, तो खुनी शोधायच्या बैठ्या खेळावरून काढलेला. आधी तीनदा पाहिलाय, म्हटलं झोप येईल. कसली येतेय. भयाण बंगला, बाहेर विजा, आणि टिम करीचा तो बटलर आल्या आल्या कुत्र्याच्या शीत पाय देतो, मग आतली माणसं नाक वर करून हुंगायला लागतात. खुनाच्या सिनेमातला पहिला क्लू काय, तर हा!

मला मुळात एक वाईट खोड आहे, रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचायची. एकदा कळलं ना कोण ते, की मग तो माणूस किती साळसूदपणे चहा पितोय हे बघत निवांत वाचता येतं. नवरा म्हणतो हा गुन्हा आहे. असू दे.

ही खोड लागली गल्लीतल्या लायब्ररीमुळे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची पुस्तकं यायची घरात, खाकी कव्हर घातलेली, आणि शेवटचं पान निम्म्या वेळा गायब. त्यांचा नायक झुंजार दाराला लाथ घालून आत शिरला रे शिरला की पुढे डायरेक्ट पुठ्ठा. म्हणून आधी शेवट आहे का बघून घ्यायचं. नसला तर रात्री अंथरुणात पडून दादा म्हणायचा सेक्रेटरी, मी म्हणायचे डॉक्टर, आणि आजी अंधारातून, पुस्तकाचं एक अक्षर न वाचता, "इस्टेट आहे ना त्यात? मग भाचाच." दर वेळी भाचा. गोष्टीत भाचा नसला तरी. एका पुस्तकात तर बाराव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं, खुनी माळी आहे, आणि खाली दुसऱ्या अक्षरात, चूक, नीट वाचा.

'क्लू'पुढे माझी खोड चालत नाही, कारण त्याला शेवटची पानंच तीन. तेव्हा थेटरात एका ठिकाणी एकच शेवट दाखवायचे, दुसऱ्या थेटरात खुनी दुसराच. सिनेमा आपटला, मग व्हिडिओवर तिन्ही शेवट एकामागोमाग लावले आणि लोक त्याच्या प्रेमात पडले. सगळ्यांना गोळा करून खुनाचा उलगडा करायचा तो ठरलेला सीन आहेच, पण इथे बटलर अख्ख्या बंगल्यात धावत, धापा टाकत सगळी रात्र पुन्हा करून दाखवतो, बाकीचे मागे पळतायत. दिग्दर्शक जोनाथन लिन, म्हणजे 'येस मिनिस्टर' ही मंत्री आणि सरकारी बाबूंवरची ब्रिटिश विनोदी मालिका लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, त्यामुळे तिन्ही उत्तरं तितक्याच ठामपणे दिलेली आणि ऐकताना तिन्ही पटतात. पुरावे तेच, माणसं तीच. मला तर पहिला शेवटच आवडतो, उगाच.

आजीच्या भाच्याने तिची जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली होती, हे आम्हाला खूप नंतर कळलं. केस चालू होती म्हणे तेव्हाही, आम्ही सेक्रेटरी की डॉक्टर करत होतो तेव्हा. निकाल लागला तो आजी गेल्यावर चार वर्षांनी, तोवर भाचाही राहिला नव्हता.

निकालाचे कागद दादाच्या कपाटात आहेत. मी अजून वाचलेले नाहीत.