एन्सेलिया अपडेट: कॅलिफोर्निका आणि फॅरिनोसा एकाच वाफ्यात

मंडळी, उन्हाळा संपत आलाय तर एन्सेलियाचं कुठपर्यंत आलं ते सांगते. नव्या लोकांसाठी, ही सूर्यफुलाच्या कुळातली अस्सल इथलीच झुडपं, आमच्या सॅन दिएगोत समुद्राकडच्या टेकड्यांवर एन्सेलिया कॅलिफोर्निका असते आणि आत वाळवंटात, अँझा-बोरेगोकडे गेलं की फॅरिनोसा. मी दोन्हीचं एकेक झाड मुद्दाम शेजारी शेजारी लावलंय, कारण मला पानं बघायची होती.

कॅलिफोर्निकाचं पान साधं हिरवं. फॅरिनोसाच्या पानावर मात्र दाट पांढरी लव, आणि ती कायम सारखी नसते हो! हिवाळ्यातल्या पावसावर आलेली पानं मोठी आणि बरीच हिरवट होती, एप्रिलनंतर जमीन सुकायला लागली तशी नवी पानं लहान आणि जास्त जास्त पांढरी येत गेली, मे महिन्यात तर एकाच फांदीवर खाली हिरवट आणि शेंड्याला चांदीसारखी अशी दोन्ही दिसत होती. लवेमुळे ऊन परत फेकलं जातं, पान कमी तापतं आणि पाणी वाचतं, पण अन्न बनवायलाही उजेड कमी पडतो, म्हणून पाणी मुबलक असलं की लव कमी. तेव्हा फॅरिनोसा भर उन्हाळ्यात हिरवीगार दिसली तर खुश होऊ नका, पाणी जास्त होतंय.

कॅलिफोर्निकाने जुलैपासून पानं टाकली, आता नुसत्या काटक्या. मेली समजून उपटू नका प्लीज, नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं असेल तर झोपलीय फक्त. पावसाआधी छाटणी करणार, जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून.

फॅरिनोसाची फांदी मोडली की पिवळसर राळ येते, बोटाला चिकटते आणि वास काय सुंदर, जुन्या स्पॅनिश मिशनमधले पाद्री ही धूप म्हणून जाळायचे.

आता सगळ्यात भारी गोष्ट. एन्सेलियाला स्वतःच्या परागावर बी धरत नाही, दुसरं झाड लागतंच. माझ्याकडे एकेकच झाड, तरी दोन्हीवर भरलेलं बी मिळालंय! (बी मधल्या चकतीतच धरतं, कडेच्या पिवळ्या पाकळ्या वांझ असतात.) म्हणजे एकतर मधमाश्यांनी टेकडीवरून पराग आणलाय नाहीतर या दोघींचाच संकर झालाय, निसर्गातही दोघींच्या हद्दी भिडतात तिथे संकर सापडतात. फिंच पक्ष्यांनी बरंच खाल्लं, उरलेलं आई-झाडाच्या नावाने (बी ज्या झाडावर धरलं त्या) वेगवेगळ्या पाकिटात ठेवलंय, नोव्हेंबरात पेरणार. कॅलिफोर्निकाला एका देठावर एकच फूल आणि फॅरिनोसाला फांद्या फुटलेल्या देठावर झुबका, त्यामुळे रोपं फुलली की देठ आणि पानावरची लव दोन्ही बघून आईबाप कोण ते बऱ्यापैकी कळेल, फोटो टाकेनच.