मशीनला स्वतःचा पत्ताच आठवेना

फोनवर एवढंच कळलं की लॅबमधलं जुनं मशीन सुरू होत नाहीये, नेटवर्कचा काहीतरी प्रॉब्लेम आहे. जाऊन बघतो तर सन कंपनीचं स्पार्कस्टेशन ५ कॉम्प्युटर, १९९४ च्या सुमाराचं मॉडेल, मोजमापाच्या एका उपकरणाला जोडलेलं, आणि त्या उपकरणाचं सॉफ्टवेअर फक्त त्यातल्या सोलारिस ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं, त्यामुळे नवीन पीसी घ्या म्हणण्यात काही अर्थच नव्हता. वायरिंगच्या कामासाठी दोन दिवस लाइट बंद होती, त्याआधी कित्येक वर्षं ते मशीन कुणी बंद केलेलंच नव्हतं.

स्क्रीनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती, 'टाइमआऊट वेटिंग फॉर एआरपी/आरएआरपी पॅकेट', म्हणजे नेटवर्कवर पत्ता विचारला पण उत्तरच आलं नाही. म्हणून लॅबवाल्यांनी केबल बदलली, नेटवर्क स्विचचा पोर्ट बदलला, आणि खरं सांगायचं तर माझाही पहिला तास त्यातच गेला. मग स्टॉप-ए दाबून ओके प्रॉम्प्टवर, म्हणजे बूट होण्याआधी कमांड देता येतात तिथे, आलो, रिसेट दिलं आणि यावेळी अगदी पहिल्या ओळीपासून वाचलं. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं की आयडीप्रॉम, म्हणजे मशीनची ओळख साठवलेली जागा, इनव्हॅलिड आहे, आणि नेटवर्कवरचा पत्ता असलेल्या इथरनेट अ‍ॅड्रेसच्या जागी नुसते एफएफ, म्हणजे खरा पत्ता नाहीच.

या मशीनमध्ये एम४८टी०८ नावाची २८ पायांची चिप असते, तिच्यात ८ केबी मेमरी, घड्याळ आणि लिथियमची बॅटरी एकाच काळ्या प्लास्टिकमध्ये बंद. बॅटरीचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात. मशीन चालू असेपर्यंत चिपला बाहेरून वीज मिळते, म्हणून बॅटरी संपलेली कळतच नाही. लाइट गेली की सेटिंग्ज आणि ही ओळख दोन्ही पुसल्या जातात आणि मशीन डिस्क सोडून नेटवर्कवरून बूट व्हायला बघतं. अ‍ॅड्रेसच नाही तर उत्तर कोण देणार.

बूट करण्यापुरता कुठलाही खोटा अ‍ॅड्रेस चालला असता, पण सॉफ्टवेअरचं लायसन्स होस्ट आयडीला, म्हणजे मशीनच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं होतं, म्हणजे जुनाच आयडी हवा, आणि तो आता कुणाला माहीत असणार? तिथले जुने टेक्निशियन काका म्हणाले, "झाकण उघडून बघा, आधीचे साहेब आत काहीतरी लिहून ठेवायचे." उघडलं तर झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळी पडलेली कागदाची पट्टी, पेन्सिलने दोन ओळी, इथरनेट अ‍ॅड्रेस आणि होस्ट आयडी. त्या माणसाला मी कधी भेटलो नाही, पण त्या क्षणी हात जोडावेसे वाटले. होस्ट आयडीतला एक आकडा पुसट होता, ३ की ८ कळेना. पण या मशीन्समध्ये बहुतेकदा अ‍ॅड्रेसचे शेवटचे तीन बाइट आणि आयडीचे शेवटचे तीन बाइट सारखेच असतात, त्यामुळे वरच्या ओळीवरून कळलं, ८.

मग सेट-डिफॉल्ट्सने सेटिंग्ज मूळ जागी आणल्या, डायग-स्विच फॉल्स करून तपासणी मोड बंद केला, आणि एमकेपी कमांडने ओळखीचा एकेक बाइट भरला. १६ बाइट असतात, शेवटचा म्हणजे आधीच्या १५ चा एक्सॉर (बिट-बिट जुळवायची एक क्रिया) करून येणारा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, तो मी कागदावर दोनदा काढला कारण तो चुकला तर सगळं परत इनव्हॅलिड. रिसेट केलं, बॅनरमध्ये ८:०:२० ने सुरू होणारा खरा अ‍ॅड्रेस आला आणि डिस्क वाजायला लागली. फाइल सिस्टीम तपासून झाली, तारीख हाताने टाकली, सॉफ्टवेअर उघडलं. काका खुर्ची ओढून बाजूला बसले होते, ते काही बोललेच नाहीत, नुसते स्क्रीनकडे बघत राहिले.

पण बॅटरी मेलेलीच होती, लाइट गेली की पुन्हा तेच. म्हणून आधी सोलारिसच्या यूएफएसडंप कमांडने सगळ्या डिस्कचा बॅकअप घेतला, मशीनच्या पॉवर स्विचवर 'बंद करू नका' चिकटवलं. बदली चिप मागवायची तर ती जुन्या स्टॉकमधली असू शकते, म्हणजे तिची बॅटरीही म्हातारी, त्यामुळे मी चिपवरचा डेट कोड, म्हणजे ती कधी बनली ते, विचारूनच घेतली. ती बसवली, तेच १६ बाइट पुन्हा भरले, रात्री मुद्दाम मशीन बंद करून गेलो. सकाळी चालू केलं तर अ‍ॅड्रेस जागेवर होता.