पांढरी पाच, जरा चढी

2024च्या चतुर्थीआधीचे दिवस. म्हापशाच्या बाजारात माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) सामानाने रस्ता अडलेला आणि आमच्या दुकानात यामाहाच्या नव्या पॅसिफिका गिटारांची खोकी. त्या वर्षाच्या सुरुवातीला कंपनीने ही इलेक्ट्रिक गिटारची मालिका काढली. जपानात बनणारी प्रोफेशनल आणि इंडोनेशियात बनणारी स्टँडर्ड प्लस. मूळ पॅसिफिका 1990च्या सुमाराची. शिकाऊ पोरांची गिटार म्हणून आम्हा दुरुस्तीवाल्यांच्या हाताखालून ती इतकी गेलीय की, नव्यात काय निराळं केलंय याची मला विक्रीपेक्षा जास्त उत्सुकता होती.

गिऱ्हाईक रंग बघतं, मी आधी फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या बघतो. नेहमीच्या फ्रेटच्या धातूला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त, बस्स. पावसाळाभर गिटार पिशवीत पडून राहिली की आपल्या खाऱ्या, दमट हवेत त्या तांब्यावर हिरवट थर चढतो आणि पाऊस सरला की पोरं ती माझ्यासमोर आणून ठेवतात. या मालिकेत फ्रेट स्टेनलेस स्टीलचे आहेत. बाकीच्या जगाला ते टिकाऊ म्हणून आवडतील, मला ते गोव्यासाठीच केल्यासारखे वाटले. (घासायची वेळ आली की कानशी खातात, तो वैताग वेगळा.)

दुपारी डिचोलीकडचे एक काका कॉलेजातल्या मुलीला घेऊन आले. काका भजनी मंडळात पेटी वाजवतात. मुलीची नजर फिकट गुलाबी स्टँडर्ड प्लसवर. तारा जुळवून मी ती अँपला जोडून दिली. तिने स्विच गळ्याजवळच्या पिकअपवर (तारेचं कंपन पकडणाऱ्या चुंबक-कॉइलवर) टाकला आणि सबंध दुकानात भुणभुण सुरू झाली.

"दादा, ही बिघडलेली आहे?"

"नवी कोरी ना? मग दुसरी दाखवा," काका म्हणाले.

दुसरी जोडली, तीही तशीच. म्हणजे गिटारचा दोष नव्हे. तारांवर तळहात टेकवला, आवाज कमी होईना. ब्रिजजवळच्या हंबकरवर, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपवर स्विच टाकला, भुणभुण गायब. टोनचं बटण वर ओढलं, म्हणजे हंबकरची एकच कॉइल चालू राहिली, की परत हजर. मी हे सगळं करत असताना काका डोळे मिटून उभे होते.

"पांढरी पाच आहे," ते पेटीच्या भाषेत सूर सांगत म्हणाले. "जरा चढी."

मी सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर बोट दाबून तार छेडली. तो सूर पांढरी पाचचा, 98 हर्ट्झचा. तार आणि भुणभुण यांची टक्कर होऊन आवाज सेकंदाला साधारण दोनदा हेलकावे खाऊ लागला. आपली वीज 50 हर्ट्झची, तिची दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, 100. काकांच्या कानाने दोन हर्ट्झचा फरक पकडला होता! ट्यूनरशिवाय मला ते जमलं नसतं.

आता चोर वीज आहे एवढं नक्की झालं, पण कुठली? गिटार हातात धरून मी जागच्या जागी फिरलो. एका कोनात आवाज जवळजवळ मिटायचा, वळलो की वाढायचा. भिंतीकडे सरकलो तर कान किटले. पलीकडच्या दुकानाने सणाच्या मालासाठी नवा डीप फ्रीझ आणला होता आणि त्याचा स्टॅबिलायझर नेमका आमच्याच भिंतीला ठोकला होता. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र विटांना जुमानत नाही. पुष्कळ जण गिटारच्या आतून तांब्याचा पत्रा लावून घेतात, पण इतक्या कमी कंपनसंख्येच्या चुंबकीय क्षेत्रापुढे तोही निरुपयोगी. हंबकरमध्ये मात्र दोन कॉइल उलटसुलट गुंडाळलेल्या असतात आणि त्यांचे चुंबकही उलटे. बाहेरची भुणभुण एकमेकींत वजा होते, तारेचा आवाज बेरजेत राहतो. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 साली ही युक्ती बसवली.

"मग तिन्ही पिकअपच्या जागी तेच का नाही घालत?" काकांचा प्रश्न बिनतोड होता. उत्तर मी वाजवून दिलं. अँप समोरच्या भिंतीकडे नेला आणि आधी हंबकर, मग गळ्याजवळचं एकेरी पिकअप, तोच तुकडा. एकेरीत प्रत्येक तार सुटी, स्वच्छ ऐकू येते. हे पिकअप यामाहाने स्टुडिओच्या कन्सोलसाठी नावाजलेल्या रुपर्ट नीव्ह डिझाइन्सबरोबर मिळून तयार केलेत, आणि ते फक्त जाहिरातीपुरतं नाही, असं माझं मत त्या दुपारी झालं.

"घरी मखराच्या लायटिंगपासून लांब बसून वाजव," मी मुलीला बजावलं.

"आमच्या पेटीला असलं काही लागत नाही," म्हणत काकांनी पैसे मोजले, आणि वर एक पट्टा फुकट मागून घेतला.