तुम्ही विचारलंत म्हणून: तीच तीच गाणी का लावता?

जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या रेडिओ केंद्रावर मी गाणी निवडते, हे कळलं की लोकांचे डोळे लकाकतात. आधी ते स्वतःचं आवडतं गाणं सांगतात, मग कुणाच्या तरी आठवणी निघतात, आणि शेवटी तो प्रश्न येतोच: "एवढा मोठा खजिना हाताशी असताना तुम्ही तीच तीच गाणी का लावता?"

विचारणाऱ्यांत राग कमी आणि काळजी जास्त असते. म्हणून हे उत्तर घाईत, उभ्या उभ्या द्यावंसं वाटत नाही. आज सगळं सांगते. सुरुवात हिशोबापासून करावी लागेल.

आमचं प्रसारण सकाळी सहा ते रात्री बारा, म्हणजे 18 तास. जुनं गाणं साधारण सव्वातीन-साडेतीन मिनिटांचं असतं, कारण मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. मुखडा, अंतरे, मधले वाद्यांचे तुकडे सगळं त्या मापात बसवायचं, ही त्या काळच्या संगीतकारांची रोजची कसरत होती. जाहिराती आणि निवेदन वजा जाता माझ्या वाट्याला तासाला 13 गाणी येतात. त्यांतली सहा सगळ्यांच्या ओळखीची, सुरुवातीचं म्युझिक वाजताच मान वर व्हावी अशी. चार थोडी मागे पडलेली, ऐकल्यावर "अरे, हे किती दिवसांनी!" म्हणावं अशी. दोन क्वचित वाजणारी. आणि एक विसरलेलं. हा साचा मी इथे आले तेव्हापासून फारसा बदललेला नाही. बदलली ती गाणी फिरवण्याची रीत, आणि ती बदलली एका वहीमुळे.

पहिल्या वर्षी मी ओळखीच्या गाण्यांची यादी मोठ्या निगुतीनं केली होती. बरोबर 324 गाणी. क्रम ठरलेला, तासाला सहा, शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून. सव्वातीनशे गाणी म्हणजे भरपूर झाली, असं मला वाटायचं. मग एक गृहस्थ केंद्रावर आले. रोज सकाळी आठ ते नऊ या वेळात कामावर जाताना ते आम्हाला ऐकायचे आणि तारीखवार गाणी लिहून ठेवायचे. वही माझ्यापुढे ठेवून ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे अठराच गाणी आहेत का?"

मी वही चाळली. ते खरं बोलत होते. 324 गाणी, तासाला सहा, म्हणजे एक फेरी पुरी व्हायला 54 तास. आमचा दिवस 18 तासांचा. 54 म्हणजे नेमके तीन दिवस! सोमवारी सकाळी आठला वाजलेली सहा गाणी गुरुवारी सकाळी आठलाच परत येत होती, आणि पुढे रविवारी. त्या माणसाच्या तासात तीन दिवसांची मिळून अठरा गाणी आलटूनपालटून फिरत होती. उरलेली तीनशे सहा वाजत होती, पण ते घरी नसताना, झोपलेले असताना, कामात असताना.

त्या रात्री मी तीस गाणी काढून टाकली. यादी 294 वर आली, फेरी 49 तासांची झाली. 49 आणि 18 या दोन्हींना भाग जाईल असा एक सोडून दुसरा आकडा नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीत गाण्याची वेळ सरकते. सकाळी आठला वाजलेलं गाणं तिसऱ्या दिवशी रात्री नऊला येतं, पुढच्या खेपेला संध्याकाळी चारला. सकाळी आठच्या तासात पहिलं गाणं परत यायला आता 49 दिवस लागतात आणि तोवर सगळी 294 गाणी त्या तासातून जाऊन येतात. गाणी कमी केली, तर त्या गृहस्थांना अठराऐवजी जवळजवळ तीनशे ऐकायला मिळाली. आता हे काम संगणक करतो, पण त्याला यादी देण्याआधी मी अजूनही कागदावर भागाकार करून बघते.

म्हणजे "तीच तीच गाणी" या तक्रारीत कधीकधी आमची चूक असते, आणि ती अशी आकड्यांत दडलेली असते. पण चूक नसतानाही गाणी परत येणारच, ती मी मुद्दाम आणते. रेडिओ लावून तासन्‌तास बसणारे थोडे. बाकीचे वीस मिनिटं ऐकतात, गाडीत, ओट्यापाशी, दाढी करताना. त्या वीस मिनिटांत चार-पाच गाणी होतात. ती सगळीच अनोळखी निघाली तर माणूस केंद्र बदलतो, आणि मग त्याच्यासाठी राखलेलं विसरलेलं गाणं ऐकायला तो उरतच नाही. दिवसभर मशीनवर शिवणकाम करताना आम्हाला ऐकणाऱ्यांवर मात्र यात अन्याय होतो, हे मला मान्य आहे. दुपारी दोन ते चार मी ओळखीची सहाऐवजी चार करते, ती त्यांच्यासाठी.

आणि पुन्हा वाजण्यात कमीपणा कसला? 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, दर आठवड्याला एक नवं गीत, अशी 56 गीतं. शुक्रवारी सकाळी लागलेलं गीत शनिवारी आणि रविवारी सकाळी परत लागायचं. एक गाणं तीनदा कानावर पडलं की चाल मुरते, शब्द पाठ होतात. मला हा हिशोब फार शहाणपणाचा वाटतो.

आता शेजाराबद्दल. या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग हा. गाणं कितीही चांगलं असो, त्याच्या आधी आणि नंतर काय आहे यावर ते कसं ऐकू येतं हे ठरतं. एकच आवाज लागोपाठ नको, हा साधा नियम. पण जुन्या हिंदी गाण्यांत तो पाळणं अवघड, कारण पन्नाशीच्या दशकापासून पुढे नायिकेच्या गाण्यांत बहुतेक वेळा लताबाई नाहीतर आशाबाई असतात. ओ. पी. नय्यर यांनी लताबाईंचा आवाज कधीच वापरला नाही, त्यामुळे दोन लता-गीतांच्या मध्ये नय्यर हा माझा हुकमी उपाय. सुमन कल्याणपूरांचं गाणं लताबाईंच्या गाण्याला लागून मी कधीच लावत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लता-रफी यांचं रॉयल्टीच्या प्रश्नावरून बिनसलं, तेव्हा रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंकडे आली, आणि ती आजही अनेकांना लताबाईंचीच वाटतात. त्यांच्या गाण्यानंतर निवेदकानं नाव घेतलंच पाहिजे, हा आमच्याकडे नियम आहे, वेळ कितीही कमी असो. स्वतःच्या गाण्यावर स्वतःचं नाव ऐकायचा हक्क गायिकेला आहे.

या अडचणीतूनच विसरलेल्या गाण्याला जागा मिळते. लताबाईंच्या आधीचा काळ आठवा: शमशाद बेगम, जोहराबाई अंबालेवाली, अमीरबाई कर्नाटकी, राजकुमारी, सुरैया. प्रत्येकीच्या गळ्याची जात वेगळी. एखादा जाड, खुला, मातीचा वास असलेला आवाज मध्येच आला की पुढचं गाणं धुऊन काढल्यासारखं ताजं लागतं. पण चाळीसच्या दशकातली तबकडी थेट सत्तरच्या दशकातल्या भरगच्च वाद्यमेळाला चिकटवली तर बिचारी तबकडी किडकिडीत वाटते आणि ऐकणाऱ्याला वाटतं की रेडिओच बिघडला. म्हणून मध्ये पन्नाशीची एक पायरी ठेवायची. दोन रडकी गाणी लागोपाठ नकोत, रात्री अकरानंतर चालतात. सनईनं सुरू होणारं गाणं सनईनंच संपलेल्या गाण्यामागे नको. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, चुका करत करत कान शिकला.

प्रत कोणती लावायची, यावरही आमच्यात कडाक्याचे वाद होतात. चित्रपटात एखादा अंतरा जास्त असतो, रेकॉर्डवर तो नसतो. मी रेकॉर्डच्या बाजूची, कारण लोकांच्या कानात रेडिओवरून तीच बसलेली आहे. जुन्या आवाजामागे नवा ठेका आणि नवी वाद्यं भरून काढलेल्या प्रती मात्र मी लायब्ररीत वेगळ्या काढून ठेवल्या आहेत आणि त्या वाजू देत नाही. तबकडीवरून उतरवताना वेग किंचित चढा ठेवला की सूरही चढतो आणि गायिका अकारण कोवळी वाटू लागते. शंका आली की दोन-तीन प्रती एकामागोमाग लावून ऐकायच्या, दुसरा मार्ग नाही.

"मग लोकांनाच विचारा की, फर्माईश घ्या," असं पुष्कळजण सुचवतात. घेतो ना. फर्माइशीची परंपरा आपल्याकडे मोठी, झुमरी तलैया हे गाव तर पत्रांमुळेच देशाला ठाऊक झालं. पण फर्माईश करायला गाण्याचे शब्द आठवावे लागतात. विसरलेल्या गाण्याची फर्माईश कोण करणार? ते आधी वाजावं लागतं, मग विचारणा होते. 1949 साली 'महल' आला तेव्हा खेमचंद प्रकाश यांच्या 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' असं छापलं होतं, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर लागलं, आणि ही कोण गाते असं विचारणारी पत्रं आली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. आधी गाणं पोचलं, प्रश्न नंतर आला. तासाचं तेरावं गाणं निवडताना हा क्रम मी डोळ्यांसमोर ठेवते.

उलट बाजूचा धडाही मी विसरत नाही. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांना शास्त्रीय संगीताची गोडी लागावी, ही त्यांची कळकळ खरी होती. पण लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि घराघरांत पोचली. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला श्रोते परत बोलवावे लागले. लोकांनी काय ऐकायला हवं हे माझ्या खुर्चीतून ठरवायचा मोह मलाही होतो. तेव्हा त्या पाच वर्षांचा विचार करते आणि तेरापैकी एकावर थांबते.

आता ज्या गोष्टीनं मला खरंच झोप लागत नाही ती सांगते. जुनं म्हणजे कोणतं? मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी संशोधकांनी 1989 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1932 ते 1986 या काळातली गाणी त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना ऐकवली. आपण साधारण चोवीस वर्षांचे असताना गाजलेली गाणी आपल्याला सगळ्यात जास्त आवडतात, असं त्यातून दिसलं. हे बरोबर धरलं तर 1950 साली चोवीस वर्षांचा असलेला श्रोता आज शंभरीला टेकला. 1995 चा चोवीस वर्षांचा तरुण पन्नाशी ओलांडून गेला आणि तो हक्कानं म्हणतो, माझी गाणीही जुनीच आहेत, ती लावा.

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएम या रेडिओ केंद्रानं 3 जून 2005 रोजी जुन्या गाण्यांचा बाज एका संध्याकाळी बंद केला. श्रोते खवळले. 12 जुलै 2007 रोजी जुनी गाणी परत आली, पण पन्नाशीच्या दशकातली बहुतेक मागे राहिली. केंद्र वाचलं, त्याचा काळ मात्र पुढे सरकला. आमच्याकडेही हे हळूहळू घडतंय. ओळखीच्या 294 मध्ये चाळीसच्या दशकातली गाणी दरवर्षी थोडी थोडी कमी होतात. ती मीच काढते आणि नव्वदच्या दशकातली घालते, कारण त्यांना ओळखणारी माणसं आता जास्त आहेत.

पण काढलेलं गाणं मी लायब्ररीत परत पाठवत नाही. ते तेराव्या जागेच्या यादीत जातं. रोज 18, महिन्याला 540. रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या चित्रपटांच्या गाण्यांचा अर्धा तास कुंदनलाल सैगल यांच्या गाण्यानं संपायचा, आणि सैगल लागले म्हणजे आठ वाजत आले, असं घड्याळ कितीतरी घरांत होतं. तेव्हा सैगलांना जाऊन किती वर्षं झाली हे कुणी मोजत बसायचं नाही. अशी एक ठरलेली जागा मलाही हवी होती. गेल्या महिन्यापासून सकाळच्या आठच्या तासातलं तेरावं गाणं मी नऊला पाच मिनिटं कमी असताना लावते, जाहिरात न घालता, आणि नंतर गायक, संगीतकार, गीतकार, साल असं सगळं सांगितलं जातं.

वहीवाले गृहस्थ आता निवृत्त झाले आहेत, पण आठ ते नऊ अजून ऐकतात. परवा त्यांचा फोन आला. आठवड्यातल्या सात तेराव्या गाण्यांपैकी चार त्यांना अजिबात माहीत नव्हती. त्यांतल्या एका गाण्याची गायिका कोण, हे निवेदन नीट ऐकू न आल्यानं राहून गेलं होतं. मी नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "हे परत कधी लागेल?"

उद्याच्या गाण्यांच्या यादीत मी ते परत घातलंय. नऊला पाच कमी असताना.