रूम टेम्परेचर, पण कुणाच्या रूमचं?

'रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी' हे वाक्य परभणीत आणि नांदेडात मे महिन्यात पाळलं की वाइनची वाट लागलीच. तो नियम युरोपातल्या थंड, दगडी घरांचा आहे. तिथली खोली १६-१८ अंशांची. आपल्याकडे उन्हाळ्यात पंख्याखालीही ३५ असतं. पिनो न्वार किंवा गामे (फ्रान्सच्या बोजोले भागातलं) या द्राक्षांची हलकी रेड तर त्याहून गार, १२ ते १४ अंशांना लागते. गरम झाली की अल्कोहोल नाकात झोंबतं आणि फळाचा वास दबतो. उलट फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतली, तर वास मुका आणि तुरटपणा वर.

फ्रिजमध्ये दोन-अडीच तास ठेवा, म्हणजे साधारण जमतं. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवली की वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांच्या मधल्या हवेतून थंडावा नीट पोचत नाही. फ्रीझर टाळाच. विसरलात तर वाइन गोठून फुगते आणि कॉर्क वर ढकलते. माठाजवळ ओलं फडकं गुंडाळून ठेवणं आपल्या कोरड्या हवेत बऱ्यापैकी चालतं, पण त्याने १३ अंश गाठता येत नाहीत. ग्लासात वाइन भराभर तापते, म्हणून एका वेळी ७५-१०० मिली ओता आणि बाटली पुन्हा थंड पाण्यात.

ग्लास मोठ्या पोटाचा, एक तृतीयांश भरलेला. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने धुतलेल्या ग्लासवर पांढरे डाग राहतात, ते पुसून घ्या. कपाटात पालथा ठेवलेला ग्लास कपाटाचा वास धरतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

चव घेताना स्वयंपाकघरात फोडणी चालू नको. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा: हलक्या रेडमधून खालची अक्षरं वाचता येतात. ताज्या वाइनच्या कडेला तपकिरी छटा दिसली तर हवा लागल्याची शंका घ्या. मग फिरवून हुंगा. चेरी, स्ट्रॉबेरी, कधी डाळिंब. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे कॉर्कचा दोष, त्यावर इलाज नाही. सडक्या अंड्याचा वास मात्र ग्लास हलवून दहा मिनिटं ठेवला की बरेचदा जातो. नेलपॉलिशसारखा किंवा व्हिनेगरचा वास आला तर बाटली गेली. घोट तोंडात फिरवा: आंबटपणाने जिभेखाली पाणी सुटतं, तुरटपणा हिरड्यांवर कळतो. कच्च्या जांभळासारखं तोंड आवळलं, तर ती हलकी रेड नव्हे.

तुरटपणा कमी असल्यामुळेच ही वाइन आपल्या जेवणाशी जमते. टॅनिन (वाइनला तुरट करणारा द्राक्षातला घटक) आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात. संभाजीनगरच्या नान खलियाबरोबर गार हलकी रेड छान लागते. दह्यासोबतच्या धपाट्यांबरोबरही चालेल. लसणाच्या झणझणीत चटणीपुढे मात्र कुठलीच वाइन टिकत नाही.

साठवण हाच खरा प्रश्न. माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवलेली बाटली उन्हाळा काढत नाही. कॉर्क वर आलेला, मानेशी चिकट ओघळ आणि शिजवलेल्या जॅमसारखा वास, या वाइन तापल्याच्या खुणा. उन्हात लावलेल्या गाडीत एक दुपारही पुरते. जुन्या माळवदाच्या घरातली आतली खोली दिवसरात्र सारखी राहते, पण मेमध्ये तीही वाइनला गरमच. कूलरसमोरची जागा तर त्याहून वाईट, कारण तिथे तापमान सतत खालीवर होतं. मार्च ते जून भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. फिरकीच्या झाकणाची असेल तर उभी चालते. दुकानातून शोकेसमधली घेऊ नका, आतली मागा आणि लेबलवरचं वर्ष पाहा: असल्या बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांतच पिऊन संपवायच्या असतात.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, झाकण लावून, उभी; दोन-तीन दिवस. सगळी संपणार नाही हे आधीच माहीत असेल, तर उघडल्याबरोबर निम्मी ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून बंद करा, आठवडाभर टिकते. लोणच्याची बाटली घेऊ नका, कितीही धुतलेली असली तरी.