बोन्सायच्या नोंदी: फायकस, जेड आणि एडेनियम झालं

मंडळी, बोन्सायची निगा नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फायकसच्या (वड-पिंपळाच्या जातकुळीतल्या झाडांच्या) सगळ्या नोंदी एकदाच्या मार्गी लागल्या. जेड आणि एडेनियमही उरकलं. बोगनवेल आणि जुनिपर अजून तसेच पडून आहेत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. या सॉफ्टवेअरमध्ये वर प्रजातीची नोंद असते आणि तिच्याखाली त्या प्रजातीचं एकेक झाड. रीपॉटिंगचा (कुंडी-माती बदलायचा) हंगाम, पाणी, ऊन, खत, फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेली तार कधी तपासायची, हे सगळं प्रजातीच्या नोंदीत भरलं की खालच्या प्रत्येक झाडाला आपोआप लागू होतं आणि वेळेवर आठवण येते. कल्पना झकास आहे. पण सोबत आलेली माहिती थंड देशातल्या माणसाच्या हिशेबाने लिहिलेली. वडाला म्हणे 15 अंशांखाली घरात घ्या! पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 च्या आसपास उतरतो आणि रस्त्याकडेचे वड मजेत उभे असतात. मातीच्या रकान्यात अकाडामा, म्हणजे बोन्सायसाठीची जपानी दाणेदार माती. आपलं काम चालतं विटांचे तुकडे, जाड वाळू, थोडा पोयटा आणि कुजलेलं शेणखत यांवर, म्हणून तो रकाना पुसून हेच मिश्रण टाकलं.

कुठलाही बदल करण्याआधी मूळ नोंदीची नक्कल काढायची आणि झाडं त्या नकलेला जोडायची. अपडेट आलं की सोबतच्या नोंदी पुन्हा नव्याने लिहिल्या जातात, तुमची सगळी मेहनत पाण्यात. नकलेला मात्र धक्का लागत नाही. मूळ नोंदी मी यादीतून लपवून टाकल्यात.

आता फायकस. बऱ्याच जणांच्या वहीत ‘फायकस’ एवढीच एक नोंद असते आणि मला ते अजिबात पटत नाही. मायक्रोकार्पा आणि बेंजामिना या फायकसच्याच दोन प्रजाती. मायक्रोकार्पाची फांदी उघडी-बोडकी छाटली तरी खोडावरून नवे फुटवे येतात. बेंजामिनाच्या फांदीवर एकही पान ठेवलं नाही तर ती फांदी बहुतेक वेळा मागे वाळत जाते. दोघांना एकच छाटणीचा नियम लावला तर बेंजामिनाची फांदी गेलीच म्हणून समजा. त्यामुळे प्रत्येकाची नोंद वेगळी, आणि बेंजामिनाच्या छाटणीच्या आठवणीतच लिहून ठेवलंय: ‘फांदीवर दोन पानं ठेवून काप’. मोबाइलवर तेवढंच दिसतं, कात्री हातात असताना तेवढंच लागतं.

नर्सरीत ‘रेटुसा’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक मायक्रोकार्पाच असतं. त्यासाठी ‘बाजारातलं नाव’ असा नवा रकाना जोडला. शोधताना रेटुसा टाकलं तरी बरोबर नोंद उघडते. लाँग आयलंड ही मायक्रोकार्पाचीच वाण, तिला स्वतंत्र प्रजाती करायची गरज नाही, वाणाच्या रकान्यात बसते.

हंगामाचा रकाना हे खरं दुखणं. स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. यात आमचा पावसाळा कुठे? यादी बदलता येते, तिथे उन्हाळा, पावसाळा, ऑक्टोबर हीट आणि थंडी असे चार भाग केले. पण नुसता महिना लिहून भागत नाही, कारण पाऊस काही कॅलेंडर बघून येत नाही. म्हणून ‘खूण’ असा रकाना केला आणि मला तोच सगळ्यात उपयोगी वाटतो. पिंपळाच्या रीपॉटिंगपुढे आता लिहिलंय: ‘जुनी पानं गळली, कळ्या फुगल्या, तांबूस पालवी उलगडायच्या आत’. वड आणि मायक्रोकार्पापुढे: ‘पहिले पाऊस होऊन हवा निवली, शेंडे चालायला लागले की’. महिना फक्त आठवण वाजण्यापुरता. निर्णय गच्चीवर जाऊन, झाड बघून.

तारेचंही तसंच. पावसाळ्यात फायकस इतका भरभर जाड होतो की तार बघता बघता सालीत रुतते. थंडीत तीच तार निवांत बसते. सॉफ्टवेअर प्रजातीमागे तपासणीचा एकच आकडा घेतं. त्यावर तोडगा म्हणजे एकच काम दोनदा टाकायचं: जून ते सप्टेंबर दर 15 दिवसांनी, बाकी वर्ष दर 2 महिन्यांनी. कामांची यादी लांबते, पण सालीवर वळ उठण्यापेक्षा ते परवडलं.

जेडच्या नावाखाली दोन निरनिराळी झाडं विकली जातात. छोट्या गोल पानांचं, कोवळ्या फांद्या लालसर असलेलं ते पोर्टुलाकारिया आफ्रा. मोठ्या जाड पानांचं ते क्रासुला ओव्हाटा. कुळंसुद्धा वेगळी. बारीक पान आणि बारीक फांद्या हव्या असतील तर पोर्टुलाकारियाच धरा. दोघांच्या नोंदी वेगळ्या केल्या. एडेनियमला एकच जास्तीची आठवण दिली: मेअखेर पत्र्याखाली हलव. सततच्या पावसात बूड सडलं की झाड वाचवणं अवघड.

झाडाचं वय, कुंडी, शैली, गच्चीचा कोणता कोपरा, हे प्रजातीच्या नोंदीत घुसवू नका. पश्चिमेच्या कठड्यावरच्या वडाला एप्रिल-मेमध्ये दोन वेळा पाणी लागतं, सावलीच्या जाळीखालच्याला कदाचित लागणार नाही. असे अपवाद त्या त्या झाडावरच लिहायचे. वरचा नियम तेवढ्यापुरता बाजूला सरतो.

देवनागरीत रकाने भरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. बॅकअपची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट डबल क्लिक करून उघडली तर मराठीचा चक्क खिचडा दिसू शकतो. डेटा टॅबमधून आयात करा आणि अक्षरांच्या एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-8 निवडा, सगळं जागेवर येतं. खिचडा झालेली फाइल मात्र सेव्ह करू नका.

पुढचा नंबर जुनिपरचा. पुण्या-मुंबईकडे ज्यांच्या जुनिपरने लागोपाठ काही पावसाळे काढलेत, त्यांनी माती आणि जागा नेमकी कशी ठेवलीय ते कळवा. बोगनवेलीचा फुलांआधीचा पाण्याचा ताण कोण कसा नोंदवतं, तेही हवंय.