इझुशीच्या पाच बशा

मी टूर मॅनेजर. अठरा जणांना घेऊन जपानमधल्या किनोसाकीहून इझुशीला निघालो, त्या दिवशी नेमकी कार्तिकी एकादशी. इझुशीला रेल्वे नाही, बसच. गाव लहान. जुन्या किल्ल्याची तटबंदी, 1871 चा नगाऱ्याचा मनोरा (त्यावर घड्याळ बसलं 1881 मध्ये) आणि सोबाची, म्हणजे जपानी नूडल्सची, चाळीसेक दुकानं. 1706 मध्ये सेनगोकु घराण्याच्या सरदाराची शिनशू प्रांतातल्या (आजचं नागानो) उएदाहून इथे बदली झाली, तेव्हा त्याने सोबा करणारे सोबत आणले. बदलीच्या गावी आपला आचारी नेणारा साहेब म्हणतात तो हाच.

आमच्या ऑफिसातली मंडळी 'व्हेज-जैन सोय आहे' असं बिनधास्त विकतात. निस्तरतो मी. जपानमध्ये 'मासे नकोत' सांगितलं की माशाचा तुकडा घालत नाहीत, पण सोबाबरोबरचा रस वाळवलेल्या बोनिटो माशाचाच असतो, आणि त्याला तिथे कुणी मासा धरत नाही. म्हणून आदल्या दिवशी दुकानात फोन करून रस आणि अंडं काढायला लावलं. मीठ, किसलेला मुळा, कांद्याची पात ठेवली. यावर मी जाम खूश होतो.

एका माणसाला पाच छोट्या पांढऱ्या बशा, प्रत्येकीत दोन-तीन घास. इंदूरच्या काकू उपाशीच बसल्या होत्या. शेजारणीला मी सांगत होतो, सोबा म्हणजे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाच्या नूडल्स. ते त्यांनी ऐकलं.

"कुट्टू? अरे, मग हे आमच्याकडे उपासाला चालतं की!"

पर्समधून शेंदेलोणाची डबी निघाली. चिमूटभर भुरभुरवून त्यांनी पहिली बशी संपवली.

तेवढ्यात मालक आले. मी विचारलं तसे अभिमानाने सांगू लागले, पीठ आजच दळलं, आजच मळलं, आत्ता उकडलं. आमचा सोबा निहाची. म्हणजे आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू, कारण नुसता कुट्टू तुटतो.

काकूंची तिसरी बशी चालू होती. "काय म्हणतायत रे?"

"आजच दळलंय म्हणतात."

यात खोटं काहीच नव्हतं. काकूंनी पाचही बशा संपवल्या, वर सोबा उकडलेलं पांढरट गरम पाणी मीठ टाकून प्यायल्या आणि मालकांना हात जोडले.

निघताना मनोऱ्याजवळच्या दुकानातून त्यांनी भाचीसाठी वाळवलेल्या सोबाचं पाकीट घेतलं. "तीही एकादशी करते. काय काय आहे यात, वाच बरं."

जपानी पाकिटावर जे जास्त ते आधी लिहितात. पहिलाच शब्द गहू होता.

या वेळी मी वाचलं. "गहू, कुट्टू, मीठ."

काकूंनी पाकीट परत फळीवर ठेवलं, नीट सरळ करून.

"आणि मघाचं?"

बस सुटायला चार मिनिटं होती. मी माणसं मोजायला लागलो.